सातारा ते सॅन फ्रान्सिस्को: तिकिटावरचे तास आणि खरे तास

अमेरिकेहून परत येऊन आज पंधरा दिवस झाले, झोप आता कुठे जाग्यावर आलीये म्हणून लिहायला बसले. जायच्या आधी मी दिसेल त्याला एकच प्रश्न विचारत होते, सातारहून कॅलिफोर्नियाला लेकीच्या दारात पोचायला किती तास लागतात? कुणी म्हणालं सोळा, कुणी बावीस, आमच्या गल्लीतल्या एक वहिनी म्हणाल्या दीड दिवस धरा. मला वाटायचं यातलं एकच खरं असणार, पण सगळेच आपापल्या जागी खरे होते, कुणी विमानातले तास सांगत होतं, कुणी विमानतळ ते विमानतळ आणि वहिनी दार ते दार. माझे दार ते दार ३६ तास १५ मिनिटं झाले. त्यातले हवेतले फक्त १९ आणि थोडे. हा फरक आधी कळला असता तर माझी निम्मी भीती कमी झाली असती, म्हणून सगळं जसं घडलं तसं लिहितेय. माझं वय ६१, गुडघे दुखतात, विमानात त्याआधी एकदाच बसलेले, पुणे ते दिल्ली. आणि एकटी जाणार होते, कारण ह्यांना शेतीची कामं आणि सासूबाईंचं बघायचं म्हणून निघता येत नव्हतं.

व्हिसाबद्दल थोडक्यातच सांगते कारण त्यावर खूप लोकांनी लिहिलंय. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईचं पर्यटक व्हिसाचं वेटिंग ९९९ दिवस दाखवत होतं, ते बघून आम्ही फॉर्म भरायचंच सोडून दिलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये लेकीने हट्टाने १६० डॉलर फी भरली (जूनमध्ये तीच १८५ झाली), आणि जी लांबची तारीख मिळाली ती घेऊन ठेवली. मग ती रोज तिच्या रात्री साइट उघडून बघायची, मधेच कुणी कॅन्सल केलं की तारीख अलीकडे ओढून घ्यायची. असं करत करत बोटांच्या ठशांची ९ ऑक्टोबर आणि मुलाखतीची १० ऑक्टोबर २०२३ अशी तारीख हाती लागली. मुंबईत बीकेसीला अमेरिकेच्या वकिलातीत मुलाखतीच्या खिडकीसमोर मी जेमतेम दोन मिनिटं उभी होते, कशाला चाललाय, मुलगी काय करते, तुम्ही काय करत होता. भूगोलाची शिक्षिका होते म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला नाही. मोबाइल आत नेता येत नाही, तो बरोबर आलेल्या माणसाकडे ठेवा एवढीच टिप.

तोवर लेकीकडे गोड बातमी होती, मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख. म्हणजे मला फेब्रुवारीत पोचायचंच होतं.

आता अंतराचं. मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने मला पृथ्वीगोल भेट दिला होता, तो कपाटावर असतो. तिकीट बघायच्या आधी एका संध्याकाळी मी तो खाली घेतला आणि शिवणाच्या डब्यातला लाल दोरा काढला. हे म्हणाले, "अमेरिका पश्चिमेला आहे ना, मग दोरा वर कुठे न्यायलीस?" भिंतीवरच्या सपाट नकाशामुळे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलेलं असतं, की मुंबईहून डावीकडे निघायचं, युरोप, अटलांटिक, आणि मग अमेरिका. पण गोलावर दोरा ताणून धरला की तो आपोआप वर सरकतो. दुबईत विमान बदलून जायचा एक पर्याय होता, म्हणून दोरा तिथून लावला. दुबई साधारण २५ अंश उत्तर आणि ५५ अंश पूर्व, सॅन फ्रान्सिस्को साधारण ३८ अंश उत्तर आणि १२२ अंश पश्चिम. ५५ आणि १२२ ची बेरीज १७७, म्हणजे ही दोन गावं पृथ्वीच्या जवळजवळ बरोब्बर समोरासमोरच्या रेखावृत्तांवर आहेत, मग एकीकडून दुसरीकडे जायचा सगळ्यात जवळचा रस्ता उत्तर ध्रुवावरूनच जाणार. ध्रुवापर्यंत ६५ अंश, ध्रुवापासून खाली ५२ अंश, एकूण ११७, आणि एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. गुणाकार केला, १२,९८७ आले. लेकीला फोनवर सांगितलं, तिने ग्रेट सर्कल मॅपर नावाच्या साइटवर बघितलं तर तेरा हजार चाळीसच्या आसपास. अंश पूर्णांकात धरून केलेल्या हिशोबाला पन्नास किलोमीटरचाच फरक. मला त्या दिवशी फार बरं वाटलं, ज्या प्रवासाची धास्ती घेतली होती तो निदान मोजता तरी येतो असं वाटलं.

मग आम्ही सगळे रस्ते मोजले. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ साडेतेरा हजार किलोमीटर. दुबईमार्गे आधी १,९३० आणि मग १३,०४०, म्हणजे पंधरा हजाराला थोडे कमी. फ्रँकफर्टमार्गे साधारण ६,५७० अधिक ९,१६०, म्हणजे १५,७०० च्या वर. सिंगापूरमार्गे गेलं तर साडेसतरा हजार. थेट विमान तेव्हा मुंबईहून आठवड्यातले काही दिवस होतं, पण आमच्या तारखांना ते जाऊन-येऊन १ लाख ५१ हजार पडत होतं आणि दुबईमार्गे १ लाख १८ हजार. तेहेतीस हजार म्हणजे माझा विम्याचा खर्च जवळजवळ निघत होता (सहा महिन्यांचा मेडिकल विमा ३४ हजार पडला, तो न घेता जाऊ नका, कितीही तब्येत ठणठणीत असली तरी).

शिवाय मला वाटलं मधे उतरलं की पाय मोकळे होतील. इथे मी चुकले आणि हे मला कुणी सांगितलं नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. दुबई आपल्याला इतकी जवळ आहे की तो ब्रेक प्रवासाच्या सुरुवातीलाच येतो, सव्वातीन तासांनी, तेव्हा पाय दुखायलाही लागलेले नसतात, आणि मग पुढे सलग सोळा तास राहतातच, म्हणजे थेट विमानाएवढेच. खरा ब्रेक हवा असेल तर तो मधोमध पडायला हवा. फ्रँकफर्टमार्गे साधारण नऊ आणि साडेअकरा तास असे दोन तुकडे होतात. अंतर जास्त, वेळ जास्त, पण ज्यांचे पाय सुजतात किंवा ज्यांना सलग बसवत नाही त्यांना ते सोसायला सोपं. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर फ्रँकफर्टला विमान बदलण्यापुरता वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही, पण हा नियम प्रत्येक देशाचा वेगळा असतो, तिकीट काढायच्या आधी बघाच.

तिकीट आधी एका ओळखीच्या एजंटकडून काढत होतो. त्याने पहिलं जे दाखवलं ते सगळ्यात स्वस्त होतं, आणि लेकीने ते नीट वाचलं तेव्हा कळलं की ती दोन वेगवेगळी तिकिटं होती, दोन वेगळे पीएनआर. म्हणजे मधे उतरून सामान स्वतः घ्यायचं, पुन्हा चेक-इन करायचं आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणाचीच नाही. एकट्या बाईमाणसाने, तेही पहिल्यांदा, असलं तिकीट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटी २० नोव्हेंबरला लेकीनेच कंपनीच्या साइटवरून काढलं, एकच पीएनआर, सामान मुंबईत दिलं की थेट सॅन फ्रान्सिस्कोला. दुबईत मधे २ तास ३५ मिनिटं. व्हीलचेअर आणि शाकाहारी जेवण तिकिटासोबतच नोंदवलं, दोन्हीला पैसे पडत नाहीत. व्हीलचेअरची नोंद दोन्ही विमानांना वेगवेगळी झालीये का ते मात्र तपासा, माझी पहिल्यालाच झाली होती, फोन करून दुसरी करून घ्यावी लागली. ज्यांना वाटतं की आपण चालू शकतो तर व्हीलचेअर कशाला, त्यांना सांगते, या विमानतळांवर एका गेटपासून दुसऱ्या गेटपर्यंत आपल्या सातारच्या पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत चालल्यासारखं वाटतं, आणि त्यात पाट्या वाचायच्या, लिफ्ट शोधायच्या, घड्याळ बघायचं. गुडघ्यांपेक्षा मनाला आधार म्हणून ती हवी.

आता तारखेची गोष्ट. तिकिटावर होतं १५ फेब्रुवारी, ०४:३०. मी गाडीवाल्याला सांगून बसले १५ ची संध्याकाळ. आठवडाभर तेच डोक्यात, कॅलेंडरवर पण १५ ला गोल. ११ तारखेला रात्री जावयांचा फोन आला, "आई, तुम्ही बुधवारी किती वाजता निघणार?" मी म्हटलं, बुधवारी नाही, गुरुवारी. पलीकडे एक क्षण काहीच आवाज नाही. मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "आई, साडेचार पहाटेचे आहेत." माझ्या पोटात गोळा आला. मध्यरात्रीनंतरच्या विमानाला आदल्या दिवशी संध्याकाळीच घर सोडायचं असतं, म्हणजे १५ ची पहाट म्हणजे आपली १४ ची रात्र. तिकीट हातात पडलं की पहिलं काम हे करा, कॅलेंडरवर विमानाची तारीख नका लिहू, घर सोडायची तारीख आणि वार लिहा.

त्या धक्क्यानंतर मी शाळेसारखा तक्ता केला. दोनशे पानी वहीचं मधलं पान, तीन रकाने, काय, तिथली वेळ, आपली वेळ. आपली वेळ सगळ्यात महत्त्वाची. कारण तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते, मुंबईहून ४:३० ला सुटतं आणि दुबईला ६:१५ ला पोचतं असं वाचलं की पावणेदोन तास वाटतात, पण दुबई आपल्या दीड तास मागे, खरे सव्वातीन. दुबईहून ८:५० ला सुटून सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी १२:५० ला, वाचलं तर चार तास! खरे सोळा. दुबई आणि कॅलिफोर्नियात हिवाळ्यात बरोब्बर बारा तासांचा फरक, काटे तेच, फक्त दिवसाची रात्र. आपल्यात आणि त्यांच्यात हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा. सगळं आपल्या वेळेत मांडलं तेव्हा चित्र असं दिसलं: बुधवारी संध्याकाळी ५ ला घर सोडायचं, गुरुवारी पहाटे ४:३० ला विमान, ७:४५ ला दुबई, १०:२० ला पुढचं विमान, आणि शुक्रवारी पहाटे २:२० ला सॅन फ्रान्सिस्को. आणि तिथे मात्र अजून १५ तारखेची दुपारच. माझी ती १५ फेब्रुवारी साडेसदतीस तासांची झाली.

हा तक्ता औषधांसाठीही लागला. मला रोज पहाटे उपाशीपोटी थायरॉइडची गोळी आणि रात्री बीपीची. पहाट कुठली धरायची? डॉक्टरांनी सांगितलं प्रवासात घड्याळ आपल्याच वेळेवर ठेवा, त्याप्रमाणे गोळ्या घ्या, पोचल्यावर दुसऱ्या दिवसापासून तिथल्या सकाळ-रात्रीला जोडून टाका, थायरॉइडच्या गोळीला काही तास इकडेतिकडे चालतात, बीपीची मात्र चुकवायची नाही. तुमची औषधं वेगळी असतील, खास करून इन्शुलिन असेल तर स्वतःच्या डॉक्टरांकडूनच वेळा लिहून घ्या. मी हातातल्या घड्याळाला शेवटपर्यंत हात लावला नाही, ते सातारची वेळ दाखवत राहिलं, आणि खरं सांगते, मधे कुठेही गोंधळले की मनगटाकडे बघायचे आणि आत्ता हे दूध तापवत असतील, आत्ता सासूबाईंचं जेवण झालं असेल असं कळायचं, त्याने फार धीर यायचा.

सामान दोन बॅगा, तेवीस तेवीस किलोच्या. वजन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर केलं, दोनदा काढून दोनदा भरलं. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू न्यायचेच होते. आणि इथे एक गोष्ट जी मला योगायोगाने कळली, खसखस अमिरातीत, म्हणजे दुबई ज्या देशात आहे तिथे, बंदी असलेली वस्तू आहे, नुसतं विमान बदलायचं असलं तरी बॅगेत नको. आपल्या डिंकाच्या लाडवात खसखस असते, काहींच्या गोड्या मसाल्यातही असते. मी लाडू बिनखसखशीचे केले, खारीक-खोबरं थोडं जास्त घातलं, आणि मसाला नव्याने भाजला. अळीव कच्चे नेले नाहीत, त्याचेही लाडूच करून नेले, कारण बियाणं म्हटलं की अमेरिकेत प्रश्न येतात. मेतकूट, सुंठ, बाळाची दुपटी. औषधांबरोबर डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, काही वेदनाशामक आणि खोकल्याच्या औषधांवरही अमिरातीत निर्बंध आहेत.

१४ तारखेला पाचला निघालो. आनेवाडीचा टोलनाका, खंबाटकीचा बोगदा, पुण्याच्या बायपासला नेहमीसारखी गर्दी, खालापूरच्या अलीकडे थांबून घरची पोळीभाजी खाल्ली. २५० किलोमीटरला पावणेसात तास लागले, गाडीचे टोलसकट साडेसहा हजार. विमान एका तासात नऊशे किलोमीटर जाणार होतं, पण हे पावणेसात तास कुणीच "प्रवासाचा वेळ" म्हणून मोजत नाही. गेटवर तिकीट आणि पासपोर्ट बघूनच आत सोडतात, त्यामुळे ह्यांना बाहेरच थांबावं लागलं. ह्यांनी पिशवी माझ्या खांद्यावर नीट अडकवली आणि म्हणाले, "पोचलीस की लगेच कळव." दुसरं काही बोललेच नाहीत. मी मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर पाय उचलला नसता.

आत व्हीलचेअर ढकलणारा मुलगा कोल्हापूरकडचा निघाला. "काकू, पहिल्यांदाच का?" म्हणाला, आणि मग सिक्युरिटीत बांगड्यांचं काय, बूट काढायचे का, सगळं सांगत नेलं. चेक-इनला सामानाच्या चिठ्ठीवर शेवटी एसएफओ (सॅन फ्रान्सिस्को विमानतळाचं लघुनाव) लिहिलंय ना ते मी स्वतः वाचून घेतलं, तुम्हीही वाचा. पहिलं विमान कसं गेलं कळलंच नाही, टेक-ऑफनंतर तासाभराने साडेपाचची गोळी घेतली, खाणं आलं, उतरलो. दुबईत व्हीलचेअरवाल्यांना एका ठिकाणी बसवून ठेवतात आणि मग गटाने नेतात, तेव्हा अडीच तासांतला दीड तास तिथेच गेला. गेट बदललं तर आपल्याला कळावं म्हणून बोर्ड दिसेल अशा खुर्चीवर बसा, आणि मधे मधे विचारत राहा, संकोच करू नका.

आता ते सोळा तास. मी कडेची सीट मागून घेतली होती, उठायला सोपं पडतं. पायात डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे, मला नऊशे रुपयांना मिळाले, ते घरूनच घालून निघा, विमानात वाकून चढवता येत नाहीत. दर दोन तासांनी उठून मागे किचनपर्यंत जायचं आणि परत यायचं, पाणी मागून प्यायचं. समोरच्या पडद्यावर मी नकाशा लावून ठेवला होता, सिनेमा एकही बघितला नाही. इराण, मग कॅस्पियनची बाजू, मग रशिया, आकडे बदलत होते, उंची दहा हजार मीटरच्या वर, बाहेर उणे ५८. तेरा हजार किलोमीटरला सोळा तास म्हणजे ताशी ८१५ पडतात, पण पडद्यावर वेग नऊशेच्या आसपास दिसत होता, कारण त्या सोळात धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा आणि उतरून गेटला लागण्याचा वेळही धरलेला असतो. लंडनला जाणाऱ्यांना तुम्ही विचारलंत तर ते सांगतील की जाताना जास्त वेळ लागतो आणि येताना कमी, कारण वरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. आमचा रस्ता दक्षिण-उत्तर असल्याने जाण्यायेण्यात तेवढा फरक पडला नाही, तीसेक मिनिटांच्या आतच.

सकाळी नऊला उन्हात निघालेलं विमान, आणि साडेसहा-सात तासांनी मी मागे चालत गेले तर दाराच्या त्या छोट्या गोल खिडकीत संध्याकाळ झालेली. माझ्या घड्याळात संध्याकाळचे पाच. तिथली हवाई सुंदरी केरळची होती, मी खिडकीकडे बघतेय म्हणून ती बाजूला सरकली आणि पडदा वर करून दिला. खाली सगळं पांढरं-निळं, आणि वर आकाशाच्या कडेला एक तांबूस पट्टी, बास. मी दर अर्ध्या तासाने जात राहिले. पट्टी विझली, जांभळं झालं, काळं झालं, पडद्यावर विमान ध्रुवाच्या अगदी बाजूला होतं. ३१ वर्षं मी सातवी-आठवीच्या पोरांना सांगितलं की ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र, फळ्यावर गोल काढून, डस्टर सूर्याच्या जागी धरून, आणि ती रात्र माझ्या नाकासमोर, काचेला हात लावला तर काच गार. मला रडायला आलं. त्या मुलीने विचारलं काही होतंय का, मी म्हटलं, नाही गं, मी हे शिकवायचे. तिने मला गरम पाणी दिलं आणि आम्ही दोघी बघत उभ्या राहिलो. चार तासांनी दुसऱ्या बाजूने कॅनडावर पुन्हा उजाडलं. त्याच तारखेची दुसरी सकाळ.

उतरल्यावर इमिग्रेशनला तास-सव्वातास. किती दिवस राहणार, कुणाकडे, खायला काय आणलंय. लाडू, मसाले, सगळं सांगितलं, लपवायचं नाही. बोटांचे ठसे, फोटो, आणि १४ ऑगस्टपर्यंतची मुदत. ती तारीख नंतर आय-९४ च्या (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) साइटवर जाऊन तपासून घ्या, व्हिसा दहा वर्षांचा असला तरी त्या खेपेला किती राहायचं ते ही तारीख ठरवते. बाहेर लेक उभी होती, नववा महिना, दोन्ही हात पोटाखाली. लेकीच्या फ्रीमाँटच्या घरात पाऊल टाकलं तेव्हा माझ्या घड्याळात शुक्रवारचे पहाटेचे सव्वापाच.

झोप लागायला नऊ दिवस लागले. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी चारला बसल्या जागी डुलकी. मी एवढंच पाळलं की सकाळी ऊन असताना बाहेर चालायचं आणि दुपारी अर्ध्या तासापेक्षा जास्त आडवं व्हायचं नाही. बाळ यायच्या दोन आठवडे आधी पोचले म्हणून बरं, तुम्हीही बाळंतपणासाठी जात असाल तर तेवढा वेळ हाताशी ठेवा, आल्या आल्या रात्रीची जागरणं झेपत नाहीत. नात ४ मार्चला झाली. आणि १० मार्चला त्यांच्याकडे घड्याळं एक तास पुढे गेली, ह्यांचा रोजचा फोन आपला नेहमीच्या वेळेला आला आणि आमच्याकडे मी नातीला न्हाऊ घालत होते. ह्यांना वाटलं मी फोन उचलत नाही म्हणजे काहीतरी झालं. तो फरक साडेबारा होतो हे माझ्या तक्त्यात होतं, ह्यांच्या नव्हतं. तक्त्याची एक झेरॉक्स घरी ठेवून जा.

परतीचं १ ऑगस्टचं होतं, गुरुवारी दुपारी ३:४० चं. येताना तारीख उलटी खाल्ली जाते, १ ला निघून ३ ला पहाटे अडीचला मुंबई. घर सोडलं तेव्हा सातारला बरोब्बर रात्रीचे बारा, घरी पोचले तेव्हा सकाळचे सव्वादहा, दार ते दार ३४ तास १५ मिनिटं. नातीला सोडून निघताना काय झालं ते मी लिहू शकत नाही. खंबाटकीच्या घाटात धो धो पाऊस होता, गाडीच्या काचा धुरकटलेल्या, आणि मी त्या दुपट्याचा वास घेत बसले होते.

घरी चहा झाल्यावर ह्यांनी विचारलं, "विमानात रात्र कशी गेली, झोप लागली का?" मी म्हटलं, रात्र झालीच नाही. ह्यांना वाटलं मी दमलेय म्हणून काहीतरी बोलतेय. पण खरंच, सॅन फ्रान्सिस्कोहून दुपारी उन्हात निघालो, वर वर गेलो तसा सूर्य खाली खाली आला पण बुडाला नाही, ध्रुवाच्या बाजूने जाताना तो क्षितिजाच्या थोडा वर नुसता बाजूबाजूने सरकत होता, आणि मग रशियावर चढायला लागला. पंधरा तास चाळीस मिनिटांत एकदाही अंधार नाही, दुबईला उतरलो तेव्हा सूर्य मावळायला अजून अर्धा तास होता. जाताना भर दुपारी चार तासांची रात्र, आणि येताना अख्खी रात्र गायब.

"दाखव," हे म्हणाले. कपाटावरून गोल काढला. फेब्रुवारीत लावलेला लाल दोरा अजून तसाच होता, दोन्ही टोकांना चिकटपट्टी, वर धूळ. मी बॅटरी आणायला सांगितली, खिडकीचा पडदा ओढला, आणि सासूबाईंनाही बोलावलं.